अंगठाबहाद्दर

आमच्या कॉलेजच्या दारात, नोटीस बोर्डाच्या बाजूला, भिंतीवर एक काळी डबी बसवली आहे. सकाळी साडेसातपासून तिच्यासमोर प्राध्यापकांची रांग लागते. आपण अंगठा लावायचा, डबीने बाईच्या आवाजात ‘थँक यू’ म्हणायचं, की झाला माणूस हजर. अंगठा मिसळीने तेलकट असला की ती ‘प्लीज ट्राय अगेन’ म्हणते आणि मागचे चार-पाच डॉक्टरेटवाले घड्याळाकडे बघत चुळबुळ करतात.

माझे आजोबा सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर अंगठा उठवायचे. मला पहिलीत घालताना ते गुरुजींना म्हणाले होते, ‘एवढ्यानं सही करावी, बास. आमच्या घरातला अंगठा इथंच थांबू दे.’ आजोबांच्या शब्दाला जागून मी एम.ए. झालो, नेट झालो, पीएच.डी. झालो, आणि गेली आठ वर्षं रोज दोनदा अंगठा उठवतोय.

मी कराडच्या बाजूला अर्थशास्त्र शिकवतो. पोरांच्या हजेरीसाठी आमच्याकडे अजून डबी आलेली नाही. तिथे जुनीच पद्धत आहे. मी नंबर पुकारायचा, ‘येस सर’ यायचं. पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. वर्गात बसतात बावीस, ‘येस सर’ येतात अठ्ठेचाळीस. चौतीस नंबरचा मुलगा एकटा सात जणांच्या आवाजात हजर असतो, त्यात दोन मुली आहेत. मी रागावत नाही. १९९१ साली याच जिल्ह्यातल्या एका बाकावर बसून मी स्वतः तीन जणांना पदवीपर्यंत पोचवलं आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. वर्गात ज्याला पंच्याहत्तर टक्के जमत नाही, तोच पोरगा फोनवर शंभर टक्के हजर असतो. तिथे सुट्टी नाही, आजारपण नाही, घरात कुणी गेलं तरी खंड नाही. मित्राने फोटो टाकला की चार मिनिटांत बदाम पोचला पाहिजे. नाही पोचला तर ‘काय झालं रे, राग आलाय का?’ अशी विचारणा होते. वर्गात आठ दिवस दिसला नाही तर कोणी विचारत नाही. विचारलंच तर मी विचारतो, तेही काळ्या यादीत नाव घालण्यापुरतं.

आमच्या विषयात घटत्या उपयोगितेचा नियम म्हणून एक लाडका नियम आहे. पहिला आंबा खाताना जे सुख मिळतं ते दुसऱ्याला थोडं कमी, तिसऱ्याला आणखी कमी, आणि सहाव्याला पोट धरून ‘नको’. गोसेन नावाच्या जर्मन माणसाने १८५४ साली हे पुस्तकात मांडलं. पुस्तक खपलं नाही, तेव्हा त्याने वैतागून उरलेल्या प्रती परत मागवून घेतल्या. आज असता तर लाइक कमी आले म्हणून पोस्ट उडवली असती. मी पंचवीस वर्षं हा नियम आंब्यावर शिकवत आलो. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या बाकावरून हात वर आला.

‘सर, हे रीलला लागू होत नाही.’

‘का रे?’

‘काल रात्री दोनशेच्या वर झाल्या असतील. दोनशेवी पहिल्यापेक्षा भारी होती.’

वर्ग हसला. मी मात्र थबकलो. नियमाच्या खाली बारीक अक्षरात अटी असतात, त्यात एक अट आहे की नग एकसारखे हवेत. इथे नग एकसारखे नसतात. एक रील कुत्र्याची, एक बुलेटची, एक शिवनेरीची, एक कोणा बाईने भाकरी थापल्याची. पुढची भिकार निघेल की जबरदस्त, ते आधी कळत नाही, म्हणून अंगठा थांबत नाही. आमच्याकडे जत्रेत आकडा लावायचं चक्र असतं, त्याच्यासमोर पोरं का खिळतात तेच हे. त्यात २००६ साली अझा रास्किन नावाच्या गृहस्थाने पान कधी संपूच नये अशी सोय काढली. लग्नाच्या पंगतीत तो आग्रही वाढपी असतो ना, ताटात जिलबी संपते न संपते तोच दुसरी टाकणारा, तोच त्याने फोनमध्ये बसवला. पुढे त्याला स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला आणि तसं त्याने जाहीरपणे सांगितलंही. पण वाढप्याला पश्चात्ताप होऊन काय उपयोग, पंगत उठायला तयार नाही. २०२० च्या जूनअखेर सरकारने टिकटॉक बंद केलं तेव्हा आमच्या गल्लीत दोन घरांत चूल पेटली नव्हती म्हणतात. दहावं-बारावं व्हायच्या सुमारास इन्स्टाग्रामने रील आणली आणि सुतक फिटलं.

ते असो. या पोरांची मला दया येते ती रात्रीच्या जागरणासाठी नाही. दया येते ती त्यांच्या कष्टांसाठी. संध्याकाळी मी प्रीतिसंगमावर फिरायला जातो. कृष्णा एका अंगाने येते, कोयना बरोबर समोरून येते, आणि दोघी तोंडावर तोंड येऊन भेटतात. नद्यांची अशी समोरासमोर गाठ क्वचित पडते. त्या घाटावर परवा आमच्याच सेकंड इयरच्या चौघी हसत होत्या. म्हणजे हसण्याचं काम चाललं होतं. फोन पायरीवर बाटलीला टेकवून ठेवलेला. ‘एक, दोन, तीन, हसा’ म्हटलं की चौघी खळाळून हसायच्या, मान मागे टाकून, सात सेकंद. मग थांबून बघायच्या. ‘तुझे केस आले गं मध्ये.’ पुन्हा एक, दोन, तीन. मी घाटाला चार फेऱ्या मारल्या तोवर त्यांचं अकरा वेळा हसून झालं होतं आणि चेहरे ऊसतोडीवरून आल्यासारखे दमले होते. बाराव्या वेळी एकीचा पाय शेवाळावरून सटकला, ती दणकन पाण्यात बसली आणि बाकीच्या तिघी अशा काही हसल्या की बाटली पडली, फोन पडला. शेवटी तीच रील टाकली. तिला अठ्ठावीस हजार जणांनी पाहिलं. माझा पीएच.डी.चा प्रबंध मी, माझे मार्गदर्शक आणि दोन परीक्षक अशा चौघांनी पाहिला आहे, आणि त्यातल्या एका परीक्षकाबद्दल मला अजून शंका आहे.

वाढदिवस तर विचारूच नका. पूर्वी वाढदिवसाला मित्र चहा मागायचे, फार तर पाठीत गुद्दे घालायचे. आता प्रत्येक मित्राने आपल्या स्टोरीत फोटो टाकायचा, ‘भाऊचा बड्डे, जाळ अन् धूर संगटच’ असं लिहायचं, आणि भाऊने ती प्रत्येक स्टोरी उचलून परत स्वतःच्या स्टोरीत लावायची. एक राहिली तर तो मित्र वर्षभर धरून ठेवतो. स्टोऱ्या वाढल्या की स्क्रीनच्या वरच्या रेघेचे तुकडे पडत जातात. चार झाल्या की ठसठशीत टाके दिसतात, पन्नास झाल्या की आईने रजईला घातलेला धावदोरा. आमचा चौतीस नंबर वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत हा धावदोरा घालत होता. मी विचारलं, ‘केक कधी कापलास?’ म्हणाला, ‘कापला सर, पण खायचा राहिला.’

अभ्यासावर परिणाम होतो का, असं पालक सभेत विचारतात. होतो. पण पालकांना वाटतो तसा नाही. मागच्या सत्रात ‘मागणीची लवचिकता स्पष्ट करा’ या प्रश्नाला एका पठ्ठ्याने सुरुवात केली होती, ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या या उत्तरामध्ये आपण मागणीची लवचिकता पाहणार आहोत, तर उत्तर शेवटपर्यंत नक्की वाचा.’ मी शेवटपर्यंत वाचलं. लवचिकता कुठे नव्हती, पण उत्तराच्या शेवटी ‘धन्यवाद’ होतं. एकाही गाइडातल्या उत्तराने आजवर माझे आभार मानले नव्हते, म्हणून मी दोन मार्क दिले.

दुसरा अनुभव जिव्हारी लागला. लॉकडाउनमध्ये मी घरी भिंतीला खडूचा फळा लावून सगळा अभ्यासक्रम रेकॉर्ड केला होता. पोरं अजून तो ऐकतात म्हणून मला अभिमान होता. एकदा जिन्याखालून जाताना कोणीतरी किरट्या आवाजात, श्वास न घेता, नफा-तोटा-मक्तेदारी-अल्पाधिकार असं बडबडताना ऐकू आलं. कार्टून लावलंय वाटून मी डोकावलो. तो मीच होतो, दुप्पट वेगाने. ऐकणारी पोरगी शांतपणे चिप्स खात वहीत लिहून घेत होती. मला बघून उठली आणि अगदी आदराने म्हणाली, ‘सर, तुम्ही टूएक्सवर फार छान शिकवता. वर्गात थोडं हळू होतं.’ तेव्हापासून वर्गात कोणी जांभई दिली की वाटतं, ही माझ्या कपाळावर वेग वाढवायचं बटण शोधत असणार.

स्वाध्यायांची तर तऱ्हाच निराळी. एकाने लिहायचं, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, आणि बाकीच्यांनी उतरवायचा. यात नवीन काही नाही, आम्हीही वह्या फिरवायचो. पण आमच्या वेळी उतरवणाऱ्याला निदान वही आणायला मित्राच्या घरी जावं लागे, त्याच्या आईच्या हातचा चहा प्यावा लागे, बहीण दिसली तर बरंच. गेल्या वर्षी तेवीस स्वाध्यायांत मला एकच वाक्य सापडलं: ‘रिझर्व्ह बँक रेपो दर वाढवते तेव्हा व्यापारी बँकांना पडतं.’ काय पडतं? तेवीस जणांपैकी एकालाही प्रश्न पडला नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर मूळ फोटो हाती आला. फोटो काढणाऱ्याचा अंगठा ‘कर्ज घेणं महाग’ या तीन शब्दांवर आला होता. तेवीस जणांनी त्या अंगठ्याचा मान राखून जागा सोडली होती. एकाने तर तिथे अंगठ्याएवढी रिकामी जागाही ठेवली होती.

मी काही साधुसंत नाही, हेही सांगून टाकतो. वर्गाच्या ग्रुपवर मीही आहे. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात आता हजारावर माणसं मावतात, पण त्यातला एक माणूस ‘सर’ असेल तर बाकीच्यांचा दुसरा ग्रुप लगेच निघतो, इतपत मला कळतं. तरी मी चिकटून आहे. एके संध्याकाळी मंडईतून सौभाग्यवतींना म्हणून मी लिहिलं, ‘कोथिंबीर १० ला एक आहे. आणू का दोन?’ आणि ते गेलं टी.वाय.च्या ग्रुपवर. सहा सेकंदांत एकोणीस अंगठे आले. नवव्या सेकंदाला एकीने विचारलं, ‘सर, हे इंटर्नलला आहे का?’ त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, ‘मागणीचा नियम आहे भावा, किंमत कमी तर मागणी जास्त.’ पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एखाद्या उदाहरणावर वर्गाने स्वतःहून चर्चा केली ती एवढीच. कोथिंबीर मात्र विसरली.

गेल्या पावसाळ्यात मी एक प्रयोग केला. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली एक निष्कर्ष छापला होता. जवळजवळ आठशे माणसांवरून त्यांनी असं काढलं की फोन नुसता टेबलावर पालथा पडलेला असला, वाजला नाही, बघितला नाही, तरी डोकं थोडं त्याच्याकडे लागलेलं राहतं. फोन दुसऱ्या खोलीत असेल तर माणूस सगळ्यात नीट विचार करतो. मला हे वाचून नवल वाटलं नाही, कारण आमच्या घरी हापूसची पेटी फडताळात असते तेव्हा माझंही तसंच होतं. मी बाजारातून पत्र्याची मोठी ट्रंक आणली, वर्गाच्या दाराशी ठेवली, सगळ्यांचे फोन सायलेंट करून आत टाकायला लावले आणि झाकण लावलं.

पहिली पाच मिनिटं शांतता. मग ट्रंक गुरगुरली. सायलेंटवर फोन थरथरतो आणि पत्र्यावर थरथरला की काय होतं याचा मी विचार केला नव्हता. अर्ध्या तासात आग्या मोहोळ उठावं तसा आवाज यायला लागला. वर्गातल्या एकूणएक माना ट्रंकेकडे. ‘माझा नाही, माझा दोनदा थरथरतो.’ ‘हा आईचा आहे, आई सोडत नाही लवकर.’ ‘सर, ही तर तुमची रिंग.’ खरंच होतं. आदर्श घालून द्यावा म्हणून मीही माझा फोन आत टाकला होता. मी ‘चलनवाढ’ हा शब्द फळ्यावर दोनदा लिहिला, ट्रंकेकडे बघितलं, आणि तास दहा मिनिटं आधी सोडला. दुसऱ्या दिवशी संशोधनाला धरून ट्रंक दुसऱ्या खोलीत, म्हणजे स्टाफरूममध्ये ठेवली. तेव्हा वर्गात हजेरी पडली नऊ. बाकीचे स्टाफरूमच्या खिडकीखाली उभे होते.

आता मुख्य गोष्ट. मी राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, ही योजना सुरू झाली, आणि दर हिवाळ्यात सात दिवस पोरांना खेड्यात घेऊन जायचं असतं. गेल्या खेपेला आम्ही पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यात आत गेलो. गाव देखणं. घरटी एक माणूस मुंबईला माथाडी, गावात म्हातारी माणसं आणि शेळ्या. रेंज मात्र नाही. म्हणजे एका ठिकाणी होती: भैरोबाच्या देवळामागे कातळ आहे, त्याच्या टोकाला एका पायावर उभं राहून पूर्वेकडे तोंड केलं की दोन काड्या यायच्या. पहिल्याच दिवशी पोरांनी हा शोध लावला. बंधाऱ्याच्या श्रमदानाला जागचं न हलणारे गडी कातळ शेळ्यांच्या वेगाने चढायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सतरा नंबरची मुलगी कातळावर हरवलेल्या माणसासारखी फोन वर धरून फिरत होती. डोळ्यांत पाणी. घरी कोणी आजारी आहे का, असं मी विचारलं.

‘नाही सर, स्ट्रीक आहे.’

स्नॅपचॅटवर दोन जणांनी रोज एकमेकांना एक तरी फोटो पाठवला की नावापुढे जाळ दिसतो आणि दिवसांचा आकडा वाढत जातो. चोवीस तासांत एकाचा जरी चुकला तरी जाळ विझतो, आकडा शून्य. तिचा आकडा चारशे बारा होता.

‘मग दोन दिवस काय केलंस? इथून तर फोटो जात नाही.’

‘एकवीस नंबरला पासवर्ड देऊन आलेय सर. ती माझ्या नावाने पाठवते.’

प्रॉक्सी! मी खरंच खूश झालो. घरात एटीएमचा पिन नवऱ्याला बायको सांगत नाही, आणि या पोरीने अख्खं खातं मैत्रिणीच्या हवाली केलं होतं. एकवीस नंबर तापामुळे शिबिराला आली नव्हती, घरी गोधडीत पडून दुसऱ्याची हजेरी लावत होती. काल मात्र गोळी घेऊन झोप लागली असेल तर काय, ही हिची काळजी.

‘एवढं जिवाचं रान करतेस तर रोज पाठवतेस तरी काय?’

ती जरा लाजली. ‘काही नाही सर. भिंत.’

‘भिंत?’

‘नाहीतर पंखा. घाई असली की लेन्सवर अंगठा ठेवायचा. काळा फोटो येतो, तो पाठवायचा.’

‘आणि समोरची?’

‘ती पण अंगठाच पाठवते.’

मला आमची दाराजवळची काळी डबी आठवली. ‘पण बोलता काय मग?’

‘बोलत नाही सर. मागच्या गॅदरिंगला भांडण झालंय आमचं. डान्समध्ये मला मागच्या ओळीत घातलं तिनं.’

‘आणि तेव्हापासून?’

‘तेव्हापासून फक्त स्ट्रीक.’

म्हणजे वर्षभर दोन पोरी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या आणि रोज न चुकता एकमेकींना अंगठा दाखवत होत्या. माझ्या पंचवीस वर्षांच्या अध्यापनात मी माणसांच्या नात्याची इतकी नेटकी व्यवस्था पाहिली नव्हती. दारं बंद आणि वीजबिल मात्र वेळेवर.

आमचं बोलणं चालू असताना एक आजी काठी टेकत कातळावर आली. तिचा थोरला वाशीच्या मार्केटला. तिच्या फोनला तीन बटणं राहिली होती, त्यातलं हिरवं दाबून ती रोज सातला त्याच्याशी बोलायची. तोंड मुंबईकडे करून इतक्या मोठ्यानं बोलायची की मला वाटतं फोन तिने सवयीपुरता धरला होता. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही, शेतात राबून रेघा पार झिजल्यात, हे तिने मुलाला सांगितलं, म्हणजे आम्हा सगळ्यांनाच सांगितलं. मी नकळत आमच्या पोरांच्या अंगठ्यांकडे बघितलं. त्यांच्याही रेघा राहतील असं काही दिसेना.

पाचव्या दिवशी व्हायचं तेच झालं. एकवीस नंबरला सलाइन लागलं, प्रॉक्सी चुकली, जाळ विझला. निरोप कातळावर आला आणि सतरा नंबर तिथेच बसून रडायला लागली. चार मैत्रिणींनी पाठीवर हात ठेवले. आजी नेमकी त्याच वेळी वर आली.

‘कोण गेलं गं?’

‘कोण नाही आजी. जाळ विझला हिचा.’

‘चुलीतला?’

‘नाही, फोनमधला.’

आजीने क्षणभर फोनकडे बघितलं. ‘मग पेटीव की परत.’

‘पेटवता येतो आजी,’ सतरा नंबर नाक पुसत म्हणाली, ‘पहिल्यांदा फुकट असतो. मग पैसे पडतात.’

‘काडीला पैसं?’ आजीला हे काही केल्या पटेना. ‘मास्तर, तुमी हे असलं शिकिवता व्हय पोरींना?’

मी काही बोललो नाही, कारण आमच्याकडेही हजेरी कमी पडली की अर्ज आणि डॉक्टरचा दाखला आणून विझलेली हजेरी परत पेटवून देतात. फुकटात.

पण फुकटची संधी सतरा नंबरने आदल्याच वर्षी वापरून टाकली होती. शेवटी तिने त्या दुसरीलाच फोन लावला. चारशे चौदा दिवसांनी, की कितव्या, तो हिशोब आता कोणाकडेच नव्हता. ‘मीच का नेहमी आधी पाठवायचा?’ इथून सुरू झालं ते मागची ओळ, गॅदरिंगचे घागरे आणि कोणाच्या आईने कोणाला काय म्हटलं इथपर्यंत गेलं. रेंज कमी म्हणून सगळं ओरडून. खाली देवळात भजनाला बसलेली म्हातारी मंडळी टाळ थांबवून ऐकत होती. वीस मिनिटं झाल्यावर आजी काठी आपटून म्हणाली, ‘आवर गं बाय, सात वाजून गेलं, माझं पोरगं खोळंबलंय.’

भांडण मिटलं असं वाटेल, तसं काही झालं नाही. परत आल्यावर मी मुद्दाम चौकशी केली. जाळ पुन्हा पेटला आहे, आता एक्याऐंशीवर आहे. बोलणं बंद आहे. आणि प्रॉक्सी लावणाऱ्या एकवीस नंबरशीही आता सतरा नंबर बोलत नाही, पण तिच्याशीही स्ट्रीक सुरू केली आहे.

परवा सकाळी मी नेहमीप्रमाणे डबीला अंगठा लावला, ‘थँक यू’ ऐकलं, आणि पहिल्या तासाला दहा मिनिटं होती म्हणून स्टाफरूममध्ये टेकलो. दोनच मिनिटं म्हणून फोन काढला. कोणीतरी विहिरीतली मोटार वर काढत होतं, ती निघाली की उठायचं ठरवलं. ती निघेपर्यंत पुढे हळदीच्या शेताची आली, मग एक माणूस कुऱ्हाडीला धार लावत होता. तेवढ्यात वर टी.वाय.च्या ग्रुपवर मेसेज झळकला. चौतीस नंबरचा. सरांशिवायच्या ग्रुपसाठी लिहिलेला, चुकून सरांच्या ग्रुपवर पडलेला:

‘सर ऑनलाइन दिसत्यात, म्हणजे लेक्चर नाही. चला कँटीनला.’

खाली लगेच सोळा अंगठे. मग एकाने बहुधा शुद्धीवर येऊन काहीतरी लिहिलं असावं, कारण क्षणात ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला’ असं दिसलं. मी वाचलाय हे त्यांना कळू नये म्हणून मी निळ्या टिका केव्हाच बंद करून ठेवल्या आहेत, पण ग्रुपवर त्या बंद होत नाहीत, हे मला आत्ता आठवलं. घड्याळात बघितलं. तास सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. उठावं की न उठावं, काही लिहावं की न लिहावं, असं दोन मिनिटं चाललं. मग मी पण एक अंगठा टाकला.